जार नको, वही ठेवा : सोलापूरच्या मंडळांना एका आईचं खुलं पत्र

सोलापुरातल्या सगळ्या सार्वजनिक मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार, लेझीम पथकांतली पोरं, आणि ज्यांना कुठलंच पद नसतं पण रात्रभर मांडवात जागतात अशी माणसं, यांना

स. न. वि. वि.

नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय महाराजांचा रथ होऊन गेला, राख्या बांधून झाल्या आणि तुमच्या बैठका सुरू झाल्या. मूर्ती किती फुटांची आणायची, मिरवणुकीत काय वाजवायचं, वर्गणी तेवढीच ठेवायची की वाढवायची, यावर रात्री बारापर्यंत आवाज चढतात. आमच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं. एक विषय मात्र दोन मिनिटांत उरकतो. ‘सामाजिक उपक्रम : रक्तदान शिबिर. मंजूर. पुढचा विषय घ्या.’ हे पत्र त्या दोन मिनिटांबद्दल आहे.

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीनवर बसते. आमचे हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर आहेत. सासूबाई विड्या वळतात. आमची मुलगी आठ वर्षांची. तिचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढं सांगते.

गेल्या वर्षी जानेवारीत तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. त्याआधी तीन आठवडे ताप येत-जात होता. पाय दुखतात म्हणायची, आम्ही म्हणायचो वाढीचं वय आहे. रंग उतरला होता, मांडीवर निळे डाग होते, ते शाळेत पडली असेल म्हणून सोडून दिले. एका दवाखान्यात टॉनिक मिळालं, दुसऱ्यात अँटिबायोटिक. तिसऱ्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ, प्लेटलेट अठरा हजार. निरोगी माणसाच्या प्लेटलेट, म्हणजे वाहतं रक्त थांबवणाऱ्या पेशी, दीड लाखाच्या वर असतात. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आज वॉर्डातल्या कुठल्याही आईला झोपेतून उठवून विचारा, तीही सांगेल.

आजाराचं पूर्ण नाव अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, वॉर्डात सगळे एएलएल म्हणतात. लहान मुलांना जे कॅन्सर होतात त्यात सगळ्यात जास्त आढळणारा हाच, आणि बरा होणाऱ्यांतलाही हाच. श्रीमंत देशांत दहातली जवळजवळ नऊ मुलं यातून बाहेर येतात. आपल्याकडं तेवढी येत नाहीत. औषधं तीच असतात, पण अर्ध्यात उपचार सुटतात, जंतुसंसर्ग होतो, आणि वेळेला रक्त मिळत नाही.

सासूबाईंनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो असा : “माझ्या तंबाखूनं झालं का हो हे?” चाळीस वर्षं त्यांनी त्याच खोलीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्यात. डॉक्टर म्हणाले, आजी, मुलांना हा आजार का होतो याचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. फक्त आता तिच्या खोलीत धूळ नको. त्याच संध्याकाळी पानांची गड्डी, तंबाखूचा डबा, सूप, कात्री सगळं शेजारच्या तेलुगू मावशींच्या ओट्यावर गेलं. आज दीड वर्षाच्या वर झालं, अजून तिथंच आहे. मावशींच्या ओट्यावर आता एकाच्या जागी दोन सुपं असतात आणि जायला-यायला वाट उरलेली नाही. त्यावरून त्यांच्या सुनेनं एकदाही तोंड वाकडं केलेलं नाही. समाजाची मदत म्हटलं की मला पहिला तो ओटा आठवतो, पैसे नंतर.

पैसेही आले, ते नाकारत नाही. आमच्या मंडळानं त्या वर्षीची रोषणाई निम्म्यावर आणून उरलेली रक्कम यांच्या हातात दिली. विडी कारखान्यातल्या बायकांनी एका दिवसाच्या हजार विड्यांची मजुरी काढून दिली. लूमच्या मालकांनी उचल दिली आणि अजून कापलेली नाही. पाणी येईल त्या दिवशी आमच्या घरात कुणी नसायचं, तर गल्लीतली पोरं कुलूप उघडून आमचे ड्रम भरून ठेवायची. किल्ली कुणाकडे होती, मला आजही माहीत नाही.

संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरली तेव्हा ती इथल्याच रुग्णालयात होती, रक्त चढत होतं. दुपारी सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा यांनी मोबाइलवर लावला. सोलापूरच्या लेकरांना तो शाळेच्या कवितांआधी पाठ असतो. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ सुरू झालं तशी ती उठून बसली आणि अक्षता मागायला लागली. वॉर्डात तांदूळ कुठले? तिनं जुन्या रिपोर्टचं पाकीट फाडलं, त्याचे बारीक तुकडे केले आणि हाताला सलाइन असताना दुसऱ्या हातानं उधळले. शेजारच्या खाटेवरच्या मुलालाही मूठभर दिले. सिस्टरनी मग मला झाडू आणून दिला, आणि झाडताना स्वतः फोनकडं बघून हात जोडले. तीन दिवसांनी आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला निघालो तेव्हा ते तुकडे सासूबाईंच्या पदराच्या गाठीत होते.

परळला टाटात उपचार ठरले. पहिला महिना दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत काढला. मार्चमध्ये फाइल घेऊन परत आलो आणि पुढची किमो इथंच सुरू झाली. सगळं मिळून अडीच वर्षांचं काम. पहिले सात-आठ महिने जड असतात : सुईतली औषधं, कमरेतून पाठीच्या कण्यात द्यायचं इंजेक्शन, स्टेरॉइडनं सुजलेला चेहरा, रात्री दोनला भूक. नंतर मेंटेनन्स, म्हणजे रोज रात्री एक गोळी, आठवड्यातून एकदा दुसरी, आणि सारखं रक्त तपासत राहायचं. आम्ही आता तिथं आहोत. संपायला अजून दहा महिने.

आता मे महिन्यातल्या त्या रात्रीवर येते.

गेल्या वर्षीचा मे. औषधांमुळं तिच्या पेशी खाली गेल्या होत्या, ते अपेक्षितच असतं. रात्री अकराला नाकातून रक्त सुरू झालं. रुग्णालयात पोहोचलो, काउंट केला, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजल्या, प्लेटलेट आठ हजार. रक्तपेढीत रक्ताच्या पिशव्या होत्या, प्लेटलेटची एकही नव्हती. मे महिना, कॉलेजं बंद, उन्हाचा पारा चाळीसच्या वर. या दिवसांत शिबिर कोण घेतं? त्यांनी सांगितलं, दाता आणा, मशीनवर काढून देतो.

यांनी मंडळाच्या एका पोराला फोन लावला. ‘येऊलालोय दादा’ एवढंच तो बोलला. साडेबारापर्यंत चौदा पोरं रक्तपेढीच्या दारात. सगळी तिच्या रक्तगटाला चालणारी, फोनवर विचारून निवडून आणलेली. कुणी चड्डीवर, कुणी लूमवरून तसाच, अंगावर कापसाचे तंतू. मला वाटलं, सुटलो.

चौदातल्या नऊ जणांना त्यांनी उभ्या उभ्या परत पाठवलं.

बाराच दिवसांपूर्वी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं शिबिर झालं होतं. या नऊ जणांनी तिथं रक्त दिलं होतं. रक्त दिल्यावर अठ्ठावीस दिवस मशीनवर प्लेटलेट देता येत नाहीत, असा नियम आहे. मग त्या शिबिरात यांच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट कुठं गेल्या? प्लेटलेटची पिशवी पाचच दिवस टिकते. रक्ताच्या तांबड्या पेशी थंडीत महिनाभर राहतात. प्लेटलेट फ्रिजमध्ये ठेवता येत नाहीत, बाहेर वीस ते चोवीस अंशांवर सारख्या हलवत ठेवाव्या लागतात आणि सहाव्या दिवशी फेकाव्या लागतात. म्हणजे ज्या दिवशी शहरात शेकडो पिशव्या जमल्या त्या दिवशी प्लेटलेटचा पूर आला, त्या आठवड्यात जेवढ्या लागल्या तेवढ्या लागल्या, बाकीच्या वाया. आणि बाराव्या दिवशी माझी पोरगी नाकात बोळे घालून पडलेली असताना देणारे हात समोर होते, पण बंद.

पाच उरले. एकानं महिन्यापूर्वी दंडावर महाराजांचा टॅटू काढलेला, त्याला वर्षभर थांबायचं. एकानं दाढदुखीवर सकाळीच गोळी घेतलेली; तसल्या गोळीनं प्लेटलेट निकामी होतात म्हणे. एकाचं वजन सत्तेचाळीस किलो भरलं, पन्नासच्या वर लागतं. चौथ्याची शीर बारीक. पाचवा बावीस वर्षांचा, लेझीम पथकात शेवटच्या रांगेत असतो. पुढाऱ्याच्या शिबिराच्या दिवशी त्याची पाळी होती म्हणून तो गेला नव्हता, आणि त्यावरून मंडळात त्याला ‘सुईला घाबरतो बे हा’ म्हणून चिडवलं होतं, हे मला नंतर कळलं.

सव्वा तास तो मशीनवर पडून होता. एका नळीतून रक्त जाताना आणि दुसरीतून परत येताना बघून घाबरून म्हणाला, “मॅडम, हे परत का द्यायलाव? खराब आहे का?” प्लेटलेट तेवढ्या काढून घेऊन बाकीचं रक्त त्याचं त्यालाच परत देतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही नव्हतं.

पहाटे चारला पिशवी तयार झाली. पण पिशवी निघाली म्हणजे लगेच चढवली असं नसतं. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया, इतक्या तपासण्या झाल्याशिवाय ती वॉर्डात येत नाही, आणि येऊही नये. सकाळी साडेआठला चढवायला घेतली. मध्यरात्रीपासून तोपर्यंत मी नाकातले सात बोळे बदलले. सातव्याला ती मला म्हणाली, आई, किती वाजले. दर बोळ्याला विचारत होती.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. मध्यरात्री धावून येणाऱ्या चौदा पोरांपेक्षा आदल्या दिवशी दुपारी ठरल्या वेळेला येणारा एक पोरगा आम्हाला जास्त उपयोगी आहे. डॉक्टरांना दोन दिवस आधी अंदाज असतो की काउंट खाली जाणार. नसतो तो फक्त दाता.

म्हणून यंदाच्या बैठकीत त्या विषयाला दोन मिनिटांऐवजी अर्धा तास द्या. शिबिर बंद करा असं मी म्हणत नाही. बाळंतिणींना, अपघातातल्यांना, थॅलेसेमियाच्या लेकरांना रक्त लागतंच. पण शंभर जणांचं एकाच दिवशी घेऊ नका. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती, वाढदिवस, सगळ्यांचे मांडव त्याच-त्याच दिवसांत लागतात, मग मे कोरडा आणि दिवाळीची सुट्टी कोरडी. मंडळं आपसात बोलून महिने वाटून का घेत नाहीत? मिरवणुकीचा क्रम ठरवायला बसता की एकत्र. ज्याच्या वाट्याला मे येईल त्यानं संध्याकाळी सातनंतर घ्यावं, ऊन उतरल्यावर.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक मंडळाची स्वतःची. नाव, रक्तगट, वजन, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख, पाळी कुठली. यातले दहा-पंधरा जण फक्त प्लेटलेटसाठी बाजूला काढा. त्यांनी शिबिरात झोपायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. प्लेटलेट पुन्हा लवकर देता येतात, दोन दिवसांच्या अंतरानंही चालतं, फक्त वर्षात चोवीस वेळांच्या वर नाही. कुणाला चोवीस वेळा द्यायला मी सांगत नाहीये. वर्षातून तीनदा दिल्या तरी पंधरा जणांच्या पंचेचाळीस पिशव्या होतात, आणि एवढ्यात आमच्या वॉर्डातली किती लेकरं निभावतील ते तुम्हीच डॉक्टरांना विचारा.

शिबिरात मिळणाऱ्या वस्तूंवरही जरा बोलते, राग मानू नका. आमच्या घरात वीस लिटरचे तीन जार आहेत, तिन्ही यांना रक्तदानात मिळालेले. चौथ्याला बॅग होती. पाणी साठवायला जार उपयोगी आहेत, खोटं कशाला बोलू. पण जो जारसाठी येतो तो मे महिन्यात दुपारी तीनला फोन उचलत नाही. त्या जारच्या पैशात दात्याच्या रिक्षाचं भाडं आणि बुडालेल्या पाळीची मजुरी द्या. लूमवरच्या पोराचे दोन-तीन तास म्हणजे अर्धी पाळी. मार्चमध्ये एका मुस्लिम भावानं प्लेटलेट दिल्या होत्या. रमजान होता, दिवसभर रोजा, संध्याकाळी रोजा सोडून, पोटभर खाऊन, आठला आला. पगार कापला गेला असणार. विचारलं तर म्हणाला, वहिनी, तो हिशेब वर आहे.

आता फोटोचं.

गेल्या वर्षी गणपतीत एका मंडळाच्या ग्रुपवरून माझ्या मुलीचा फोटो फिरला. डोक्यावर केस नाहीत, नाकाला नळी, खाली पैसे पाठवायचा चौकोन, वर ‘या चिमुकलीला वाचवा’. मंडळाचं नाव मी घेणार नाही, हेतू चांगलाच होता, आलेला पैन्‌पै आम्हाला पोहोचला. पण तो फोटो आम्हाला न विचारता लावला होता, आणि फिरत फिरत तिच्या वर्गातल्या पोरांच्या घरी पोहोचला. मेंटेनन्स सुरू झाल्यावर ती पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा एका मुलीनं विचारलं, तू मेली नाहीस का. सहा-सात वर्षांचं पोर ते, त्याला काय दोष देणार. तिनं घरी येऊन मला विचारलं, मला वाचवा म्हणजे काय, मी बुडत होते का?

मदत मागायची तर रुग्णालयाचा कागद दाखवा, फाइल दाखवा, आम्हाला उभं करा. लेकराचा चेहरा नको. ती उद्या मोठी होणार आहे आणि याच शहरात राहणार आहे.

भेटायला येणाऱ्यांबद्दलही एक. काउंट खाली असताना हार, फुलं, फळांची टोपली, उघडा पेढा, काही चालत नाही. पन्नास माणसांनी येऊन डोक्यावर हात ठेवला तर पन्नास आशीर्वादांबरोबर एक सर्दी येते, आणि ती सर्दी तिला आयसीयूत नेऊ शकते. दारातून नमस्कार करून परत गेलेला माणूस मला आत आलेल्यापेक्षा जवळचा वाटतो. पपईच्या पानांचा रस, लक्ष्मणफळ, अमक्या गावचा वैदू, किमोनं पोर जळतं म्हणून सांगणारे नात्यातले काका, सगळे येऊन गेले. काकांना सासूबाईंनी चहा दिला आणि उठवलं.

त्याच सासूबाई रोज पहाटे तळ्यात सिद्धरामेश्वरांना जाऊन येतात. लेक बरी झाली की शहरभरच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा अनवाणी करीन, असा त्यांचा नवस आहे. गुडघे गेलेत, तरी. वॉर्डात नवस न बोललेली एकही आई मला भेटलेली नाही. आमच्या रांगेत तुळजापूरचं कुंकू होतं, अक्कलकोटची विभूती होती, दर्ग्याचा धागा होता, येशूचं चित्र होतं, आणि सगळ्यांच्या उशाला तीच फाइल. डॉक्टरांनी सासूबाईंना एवढंच सांगितलं की काउंट वर येईपर्यंत तीर्थ, प्रसाद, अंगारा तोंडात नको. त्यांनी वाद घातला नाही. देवळातून रोज मिळालेल्या खडीसाखरेचा एकेक खडा स्टीलच्या डब्यात टाकत गेल्या. आठ महिन्यांनी डॉक्टर हो म्हणाले तेव्हा डबा काठोकाठ भरला होता. त्यातला एक खडा उकळत्या पाण्यातून काढून तिला दिला. बाकीची गल्लीत वाटली.

तेलुगू मावशींनी तिला मार्कंडेयाची गोष्ट सांगितली होती : सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन आलेलं पोर, यम फास घेऊन आला तेव्हा त्यानं पिंडीला घट्ट मिठी मारली आणि सोडलीच नाही. हिनं विचारलं, मावशी, हॉस्पिटलात पिंड नाही, मी कशाला धरू? मावशी म्हणाल्या, सलाइनच्या स्टँडला धर. कमरेतल्या इंजेक्शनला नेताना ती खरंच स्टँड धरून चालते आणि वॉर्डबॉयला ढकलू देत नाही. पिंडीमागं कोण असतं ते मोठ्यांनी ठरवावं. स्टँडला लटकलेल्या पिशवीमागं मात्र कुणीतरी बावीस वर्षांचा पोरगा असतो, एवढं मला नक्की माहीत आहे.

आमच्या गल्लीची वही मी सुरू केली आहे, दोनशे पानी, शिवणकामाचे हिशेब लिहायची होती ती. आत्ता अकरा नावं आहेत. पहिलं त्या शेवटच्या रांगेतल्या पोराचं. नऊ जणांपैकी सहा जणांनी नावं दिली आणि शिबिरात जाणार नाही म्हणून सही केली, त्यातल्या एकानं सहीखाली ‘जार मिळाला तरी’ असं लिहिलंय. वजनाच्या रकान्यात एकानं सत्तेचाळीस खोडून एक्कावन्न केलंय. रक्तपेढीत काटा आहे, हे त्याला सांगायचं राहिलंय.

वर्गणीला याल तेव्हा पावतीपुस्तकाबरोबर तुमच्या मंडळाची वहीही घेऊन या, मी माझीवरून रकाने आखून देते. फक्त दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका, ती झोपलेली असते. सोमवारी काउंट आहे.

तुमच्याच गल्लीतली,
एक आई